खंदक फुटायचे, निरोप पोचायचा नाही

प्रश्न असा आहे: पहिल्या महायुद्धात समोर मशिनगन आहेत हे माहीत असूनही सैनिकांना पुन्हा पुन्हा सरळ चालत का पाठवलं? हजारो तोफा असून खंदक का फुटत नव्हते? आणि या सगळ्यात आपली, त्यातही मराठी, माणसं कुठे होती?

मी तोफखान्यात २७ वर्षं काढली, त्यातली काही देवळालीला शिकवण्यात. त्यामुळे उत्तर गनरच्या बाजूने देतो. पायदळातला माणूस हीच गोष्ट वेगळ्या जागेवरून सांगेल.

आधी एक दुरुस्ती. खंदक फुटत होते. मार्च १९१५ पासून पश्चिम आघाडीवर नीट तयारी केलेल्या बऱ्याच हल्ल्यांत शत्रूची पहिली ओळ हाती आली. अडत होतं ते त्याच्या पुढे. पहिली ओळ घेतलेली पलटण कुठे उभी आहे, तिला काय हवं आहे, कोणती बाजू अडली आहे, हे मागच्या तोफांना आणि सेनापतींना कळायला तासन् तास लागत. तेवढ्या वेळात शत्रू भगदाड बुजवून मोकळा होई. तोफेचा गोळा आठ-नऊ किलोमीटर जात होता, पण माणसाचा निरोप आठशे मीटर मागे येत नव्हता. माझ्या मते त्या चार वर्षांचं मूळ दुखणं हे होतं. मशिनगन, काटेरी तार आणि चिखल यांनी ते जीवघेणं केलं.

मशिनगनबद्दल सगळ्यांना माहीत असतं. जर्मनांची एमजी ०८ आणि ब्रिटिशांची विकर्स ही दोन्ही मॅक्झिमच्या मूळ रचनेची अपत्यं. नळीभोवती पाण्याचं आवरण, २५० गोळ्यांचा कापडी पट्टा आणि मिनिटाला सुमारे ४५० ते ५०० गोळ्या. अशी एक गन बाजूने, म्हणजे हल्ल्याच्या रांगेला आडवी लावली की तिच्यापुढून पलटण पार होत नाही. तरीही त्या युद्धात सर्वाधिक माणसं तोफगोळ्यांनी आणि उखळी तोफांनी घायाळ केली. ब्रिटिशांच्या जखमींत त्यांचा वाटा साधारण ६० टक्के होता. संगिनीच्या जखमा शंभरात एकही भरत नव्हत्या. १९१५ मध्ये फ्रेंचांनी आणि ब्रिटिशांनी पोलादी हेल्मेट आणलं ते वरून पडणाऱ्या श्रापनेलच्या (हवेत फुटणाऱ्या तोफगोळ्याच्या) गोळ्या आणि किरच्यांसाठी. रायफलची गोळी समोरून आली तर ते थोपवू शकत नव्हतं.

तोफ इतकी घातक कशी झाली ते समजल्याशिवाय खंदक समजत नाही. जुनी तोफ डागली की अख्खा गाडा मागे उडी मारायचा. तो ढकलून जागेवर आणायचा, पुन्हा नेम धरायचा. १८९७ च्या फ्रेंच ७५ मिलिमीटर तोफेत नळी तेवढी मागे सरकते आणि तेल-हवेच्या यंत्रणेने आपोआप जागेवर येते. गाडा हलत नाही, नेम हलत नाही, आणि तरबेज तोफची मिनिटाला १५ गोळे सहज टाकतात. १९१४ मध्ये सगळ्या मोठ्या सैन्यांकडे अशा तोफा होत्या. उघड्यावर माणूस दिसला की संपला, म्हणून माणूस जमिनीत गेला.

पण तोफही उघड्यावर राहू शकली नाही. २६ ऑगस्ट १९१४ रोजी ल कातो इथे ब्रिटिश तोफा पायदळाच्या ओळीतच, शत्रूला नजरेने पाहत लढल्या. तोफची आणि घोडे तिथेच कापले गेले, कित्येक तोफा सोडून यावं लागलं. मग तोफा टेकाडांच्या मागे गेल्या. आता तोफच्याला शत्रू दिसेना. त्याला दिसावा म्हणून एक अधिकारी पुढे खंदकात जाऊन बसला. त्याला आम्ही आजही ओपी, म्हणजे निरीक्षण चौकी, म्हणतो. त्याच्यापासून तोफांपर्यंत टेलिफोनची तार आली. तोफखान्याचे डोळे एका ठिकाणी, हात दुसऱ्या ठिकाणी, आणि दोन्हींना जोडणारी बोटाएवढीही जाड नसलेली तार.

ती तार तुटते म्हणजे काय होतं, हे मी तरुणपणी एका सरावात अनुभवलं आहे. ओपीवर मी होतो. पायदळ पुढे सरकलं होतं, मला गोळीबार चारशे मीटर पुढे न्यायचा होता, आणि फोन मेला. मागून जाणाऱ्या एका ट्रकने तार ओढून नेली होती. वायरलेस लागेपर्यंत दोन-तीन मिनिटं गेली असतील. तेवढ्या वेळात तोफा जुन्याच जागी इमानदारीने गोळे टाकत होत्या. सराव होता, पायदळ सुरक्षित अंतरावर होतं, कुणाला काही झालं नाही. पण ती दोन-तीन मिनिटं मी विसरलेलो नाही. १९१५ च्या ओपीकडे दुसरा उपाय नव्हता. हल्ल्याच्या दिवशी त्याची तार तासाभरात दहा ठिकाणी तुटायची.

आता आपल्या माणसांकडे येतो, कारण ही गोष्ट जिथे पहिल्यांदा स्वच्छ दिसली तिथे निम्मं सैन्य हिंदी होतं.

लाहोर आणि मीरत या दोन डिव्हिजन १९१४ च्या सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरमध्ये मार्सेयला उतरल्या. थेट फ्लँडर्सच्या पाणथळ मुलखात. तिथे दोन-तीन फूट खणलं की पाणी लागतं, म्हणून खंदक खाली कमी आणि वर जास्त असायचा. मातीच्या पोत्यांची छातीएवढी भिंत. हातबॉम्ब नव्हते. सॅपर्स (सैन्यातले अभियंते) जॅमच्या रिकाम्या डब्यांत स्फोटक आणि लोखंडाचे तुकडे ठासून, वात लावून ते बनवत. काटेरी तारेखाली सरकवायची स्फोटकांची लांब नळी मात्र आपल्याच भूमीतली होती. १९१२ मध्ये बंगलोरच्या सॅपर्समध्ये कॅप्टन मॅक्लिंटॉक यांनी ती तयार केली, आणि ‘बंगलोर टॉर्पेडो’ हे नाव जगभरच्या सैन्यांत अजून चालतं.

२८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यूव्ह शापेल या गावावर जो हल्ला झाला त्यात ४७ वी शीख पलटण होती आणि तिच्या जोडीला खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या होत्या. सॅपर म्हणजे पूल बांधणारा, सुरुंग लावणारा, वर्षानुवर्षं शिकवून तयार केलेला माणूस. त्या दिवशी त्यांना संगीन लावून पायदळासारखं पाठवलं, कारण दुसरं कुणी हाताशी नव्हतं. त्यांनी घराघरांतून लढून गावाचा मोठा भाग घेतला. मागून कुमक आली नाही. जर्मन प्रतिहल्ला आला तेव्हा मूठभर उरलेल्यांना उघड्या शेतातून परतावं लागलं. दोन्ही कंपन्यांचे जवळजवळ सगळे अधिकारी मेले किंवा जखमी झाले. पुण्या-खडकीच्या लोकांनी हा दिवस लक्षात ठेवायला हवा असं मला मनापासून वाटतं. सॅपर्सच्या बाहेर तो फारसा कुणाला माहीत नाही.

त्याच गावावर १० मार्च १९१५ रोजी पुन्हा हल्ला झाला. या वेळी तयारी वेगळी होती. विमानांतून फोटो काढून जर्मन खंदकांचे नकाशे बनवले गेले. प्रत्येक बॅटरीला, म्हणजे तोफांच्या तुकडीला, कोणत्या वेळी कुठे मारायचं याचं वेळापत्रक मिळालं. सुमारे ३४० तोफा एका अरुंद पट्ट्यावर लावल्या. सकाळी साडेसातला मारा सुरू झाला, ३५ मिनिटं चालला, आणि आठ वाजून पाच मिनिटांनी पायदळ निघालं. जर्मनांची पोत्यांची भिंत बहुतेक ठिकाणी उडाली होती, काटेरी तार कापली गेली होती. मीरत डिव्हिजनची गढवाल ब्रिगेड उजवीकडून आणि ब्रिटिश पलटणी डावीकडून गावात शिरल्या. दोन तासांच्या आत गाव हातात होतं. ३९ व्या गढवाल रायफल्सच्या दुसऱ्या बटालियनचा रायफलमन गबर सिंग नेगी खंदकाच्या वळणावळणाने हातबॉम्ब घेऊन लढत गेला आणि तिथेच पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

दोन जागी मात्र घात झाला. डाव्या टोकाला ज्या हॉवित्झरनी (उंच कमानीने गोळा टाकणाऱ्या तोफांनी) मारा करायचा होता त्या आदल्या दिवशी उशिरा पोचल्या, त्यांना नेम बसवून घ्यायला वेळच मिळाला नाही, आणि तिथली तार शाबूत राहिली. समोर जेमतेम दोन-तीन मशिनगन असतील. दोन ब्रिटिश पलटणी त्या तारेपुढे संपल्या. उजव्या टोकाला गढवालींची पहिली बटालियन दिशा चुकून थोडी उजवीकडे गेली आणि अशा खंदकावर आदळली की ज्यावर एकही गोळा पडला नव्हता. ३५ मिनिटं मारा झालेली जागा आणि न झालेली जागा यांत शंभर-दोनशे मीटरचं अंतर होतं, पण एका ठिकाणी गाव मिळालं आणि दुसऱ्या ठिकाणी पलटण गेली.

मग पुढे का गेले नाहीत? गावापलीकडे त्या सकाळी जर्मन फारच थोडे होते. पलटणी थांबल्या, कारण हुकूम असा होता की ठरलेल्या रेषेवर थांबायचं, बाजूच्या अडलेल्या टोकांची वाट पाहायची, आणि वरून परवानगी आली की निघायचं. टेलिफोनच्या तारा तुटल्या होत्या. निरोप्ये पायी धावत होते, त्यातले कित्येक वाटेत मारले जात. बटालियनकडून ब्रिगेड, ब्रिगेडकडून डिव्हिजन, डिव्हिजनकडून कोअर, आणि हुकूम परत त्याच पायऱ्यांनी खाली. पुढे जायचा हुकूम हाती येईपर्यंत दुपारचे साडेतीन वाजून गेले. तोवर जर्मनांनी मागच्या ठाण्यांत मशिनगन बसवल्या होत्या, आणि त्यांची कुमक रेल्वेने येत होती. बचाव करणारा आगगाडीने येतो आणि हल्ला करणारा खड्ड्यांतून पायी जातो, हे गणित पुढची तीन वर्षं बदललं नाही. १३ मार्चला लढाई थांबली तेव्हा ब्रिटिश बाजूचे सुमारे ११,६०० जण मृत, जखमी किंवा बेपत्ता होते. त्यांत हिंदी कोअरचे ४,००० हून जास्त. मिळालं काय, तर दोन किलोमीटर रुंद आणि एक किलोमीटर खोल जमीन आणि एक मोडलेलं गाव.

याच्यातून धडा चुकीचा घेतला गेला. सगळ्यांच्या मनात बसलं की गोळे कमी पडले. थोडंफार खरंही होतं. त्या वसंतात ब्रिटिशांकडे गोळ्यांचा इतका तुटवडा पडला की त्यासाठी नवं खातं काढून लॉइड जॉर्ज या मंत्र्याकडे द्यावं लागलं. पण न्यूव्ह शापेलच्या ३५ मिनिटांत जो अचानकपणा होता, तो पुढच्या सात-सात दिवसांच्या भडिमारात उरला नाही.

फ्रान्समधल्या सोम नदीवरच्या लढाईचा पहिला दिवस, १ जुलै १९१६, सगळ्यांना ठाऊक आहे: सात दिवस, सुमारे १५ लाख गोळे, आणि एका दिवसात ५७,४७० ब्रिटिश हताहत, त्यांतले १९,२४० मृत. इथे गनर म्हणून मला एका गोष्टीवर थांबायचं आहे. या १५ लाखांतले बहुतेक गोळे कोणते होते? १८ पौंडी तोफेचे श्रापनेल. या गोळ्यात शिशाच्या सुमारे ३७५ गोळ्या असतात. वेळेची फ्यूज (गोळा फोडणारी कळ) त्याला हवेत फोडते आणि गोळ्या पुढे झाडूसारख्या पसरतात. उघड्यावरच्या रांगेला हे भयंकर. पण चुन्याच्या खडकात २० ते ३० फूट खोल खोदलेल्या जर्मन तळघराला त्याचं काहीच वाटत नाही. तारेचं काय? श्रापनेलने तार कापता येते, पण गोळा तारेच्या अगदी थोडा वर, नेमक्या उंचीवर फुटला तर. फ्यूज किंचित लवकर फुटली तर गोळ्यांचा जोर विखुरतो, उशिरा फुटली तर गोळा मातीत जातो. युद्धकाळात घाईने तयार झालेल्या तोफच्यांना हे सहज साधणारं काम नव्हतं. स्फोटक गोळा वापरावा तर त्याची फ्यूज जमिनीत घुसल्यावर फुटायची. खड्डा पडायचा, तार वर उडायची आणि पुन्हा तिथेच गुंता होऊन बसायची. बरेच गोळे तर फुटलेच नाहीत. तिथल्या शेतकऱ्यांच्या नांगराला ते आजही लागतात.

यावरचा उपाय हाताच्या पंजात मावेल एवढा होता: १०६ क्रमांकाची फ्यूज. तारेला किंवा मातीला नुसता स्पर्श झाला की गोळा तिथल्या तिथे फुटतो, खड्डा न पाडता किरच्या आडव्या जातात आणि तार तुकडे होऊन पडते. १९१७ मध्ये ती भरपूर मिळू लागली. रणगाड्यांवर पुष्कळ लिहिलं जातं, या फ्यूजवर कुणी लिहीत नाही. पायदळाचे किती जीव तिने वाचवले असतील, याचा विचार मी वर्गात ती फ्यूज हातात धरून नेहमी करत असे.

सोमवरच दुसरी एक घटना आहे, जिच्यात माझा मुद्दा स्पष्ट दिसतो. १४ जुलै १९१६. रात्री अंधारात पुढे सरकून, फक्त पाच मिनिटांच्या शेवटच्या तुफानी माऱ्यानंतर पहाटे ३ वाजून २५ मिनिटांनी हल्ला झाला आणि जर्मनांची दुसरी ओळ मोठ्या पट्ट्यात हाती आली. समोरचं उंचावरचं हाय वुड हे रान सकाळी जवळपास मोकळं होतं. अधिकारी तिथपर्यंत फिरून आले. पुढे जायची परवानगी, घोडदळाला निरोप, खड्ड्यांतून घोड्यांची वाट, या सगळ्यात दिवस गेला. २० वी डेक्कन हॉर्स आणि ७ वी ड्रॅगून गार्ड्स या तुकड्या संध्याकाळी सातच्या सुमारास भाले घेऊन उभ्या पिकातून धावल्या. त्यांनी काही शत्रू मारले, काही पकडले, आणि रात्री मागे आल्या, कारण रानात आता जर्मन परतले होते. ते रान पूर्ण हाती यायला १५ सप्टेंबर उजाडला. मशिनगनपुढे घोडे घातले म्हणून या प्रसंगाला वेडेपणा म्हणतात. सकाळी दहाला तेच घोडे तिथे असते तर कुणी तसं म्हटलं नसतं.

विषारी वायूबद्दल थोडक्यात. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मनांनी ५,७०० हून अधिक नळकांड्यांतून क्लोरीन सोडला. चार दिवसांनी लाहोर डिव्हिजन त्याच वायूत हल्ल्याला गेली, तोंडावर ओल्या फडक्याखेरीज काही नसताना. जमादार मीर दस्त यांना तिथे व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वायूमुळे आघाडी कायमची फुटली नाही. मुखवटे सुधारत गेले आणि वायू हा रोजच्या छळाचा भाग झाला. १९१७ चा मस्टर्ड वायू तर कातडी आणि डोळे भाजत जमिनीत दिवसचे दिवस टिकून राहायचा.

मग कोडं सुटलं कसं? माझ्या दृष्टीने दोन बाजूंनी.

एक, निरोपावरचं अवलंबन कमी केलं. सरकता बॅरेज हे त्याचं रूप. गोळ्यांची भिंत ठरलेल्या वेळापत्रकाने, साधारण तीन-चार मिनिटांना ९० मीटर पुढे सरकते आणि पायदळ तिच्या पाठीला चिकटून चालतं. बोलायचं कामच नाही, घड्याळ बोलतं. स्वतःच्या गोळ्यांमागे पन्नास मीटरवर चालायला पायदळाला किती भरवसा लागतो याचा विचार करा. एखादा आखूड पडलेला गोळा आपलीच माणसं मारणार हे त्यांना माहीत असायचं, तरी ती चालायची, कारण मागे राहिलं तर मशिनगनवाला तळघरातून वर येई.

दोन, शत्रूच्या तोफा न पाहता शोधल्या. विल्यम लॉरेन्स ब्रॅग हा पंचविशीतला पदार्थशास्त्रज्ञ १९१५ मध्ये नोबेल मिळालं तेव्हा आघाडीवर हेच काम करत होता. ओळीने मायक्रोफोन ठेवायचे, तोफेचा आवाज प्रत्येकाला कोणत्या क्षणी पोचला याची फिल्मवर नोंद करायची आणि त्या क्षणांच्या फरकावरून तोफेची जागा काढायची. अडचण अशी की गोळ्याचा कडकडाट तोफेच्या खोल धक्क्याला झाकून टाकायचा. टकर नावाच्या त्याच्या सहकाऱ्याने १९१६ मध्ये तापलेल्या बारीक तारेचा मायक्रोफोन केला. हवेच्या हलक्या धक्क्याने तार थंड होते, आणि तिला तेवढा खोल धक्काच कळतो. त्याच्या जोडीला प्रत्येक तोफेच्या नळीची झीज मोजणं, वारा-तापमान-दाब यांचा हिशेब, अचूक सर्वेक्षण. ही तीन कामं आम्ही देवळालीत शिकवायचो ती त्या चिखलात जन्मली. ती जमली म्हणून आधी चाचणीचे गोळे न टाकता, नुसत्या गणितावर, पहिला गोळा लक्ष्यावर टाकता येऊ लागला. २० नोव्हेंबर १९१७ रोजी कांब्रेला सुमारे १,००० तोफांनी असंच केलं. तिथल्या ४७६ रणगाड्यांचं नाव झालं, पण जर्मन बेसावध सापडले ते तोफांनी तोंड मिटून ठेवल्यामुळे. ८ ऑगस्ट १९१८ ला आमियाँपुढे जर्मनांच्या ५३० तोफांपैकी ५०४ आधीच हेरलेल्या होत्या. हल्ला सुरू झाला तेव्हा त्यातल्या बहुतेक बोलूच शकल्या नाहीत.

तुमच्या प्रश्नातला मराठी माणसांचा भाग राहिला. मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, होत्या. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या आणि डिसेंबर १९१५ पासून तिन्ही कुत अल अमारामध्ये वेढल्या गेल्या. त्यांना सोडवायला निघालेल्या सैन्यात मीरत डिव्हिजन होती. तीच, फ्रान्समधून आणलेली. २१ जानेवारी १९१६ रोजी हन्ना इथे, टिग्रिस नदी आणि दलदल यांच्या मधल्या अरुंद पट्टीत, तुर्कांच्या खंदकांवर तिने हल्ला केला. न्यूव्ह शापेलला ३४० तोफा होत्या. इथे ४६. तिथे ३५ मिनिटं, इथे १०. सुमारे २,७०० जण पडले. जखमी रात्रभर थंड पावसात आणि चिखलात राहिले. ४१ व्या डोगरा पलटणीचा लान्स नाईक लाला एका जखमी अधिकाऱ्याला अंगावरचे कपडे घालून अंधार पडत येईपर्यंत जपत बसला.

कुतमध्ये त्या तोफांचा आवाज ऐकू येत होता. इथे माझ्या सगळ्या मांडणीच्या उलट स्थिती होती, आणि म्हणून ती मला सर्वांत जास्त लागते. कुतकडे वायरलेस होता. आतली माणसं बाहेरच्यांशी बोलू शकत होती, किती पीठ उरलं, किती घोडे कापले, सगळं कळवत होती. निरोप पोचत होता, पण तो ऐकून खंदक फोडायला पुरेशा तोफा कुणाकडेच नव्हत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी, १४७ दिवसांनी, कुत शरण गेलं. त्या सकाळी आतल्या गनरनी आपल्या तोफा शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून स्वतःच्या हातांनी फोडल्या.